संस्था काढायची म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तीन मुलं आमच्याकडे आली. एक कविता लिहिते, एक जलरंगात काम करतो, एक बासरी वाजवतो. तिघंही ठाण्यातल्या नौपाड्यातली. उपवन तलावाच्या काठावर आणि मित्राच्या सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी पाच-सहा बैठका केल्या होत्या. एकीनं कविता वाचायची, दुसऱ्यानं त्याच वेळी मोठ्या कागदावर चित्र उभं करायचं आणि बासरीनं दोघांच्या मधली जागा धरून ठेवायची. मी एकदा गेले होते. शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा कागदावरचा निळा अजून ओला होता आणि बराच वेळ कुणी उठलं नाही.

आता त्यांना संस्था काढायची होती. "काकू, रजिस्ट्रेशनला किती दिवस लागतात?"

साहित्य आणि कला एकत्र आणणाऱ्या एका छोट्या संस्थेची मी अकरा वर्षं खजिनदार आहे. हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो, आणि दर वेळी आधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो: संस्था झाल्यावर ती कुणाची असेल? मुलं म्हणाली, "आमची." इथेच गाडी अडते. नोंदणीच्या क्षणापासून ती त्यांची राहत नाही. हे एकदा मनात बसलं की पुढचे सगळे कायदे, फॉर्म आणि तारखा समजायला सोप्या जातात, कारण बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघाले आहेत. म्हणून हा लेख.

"सार्वजनिक" म्हणजे काय

आपल्या राज्यात हा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली चालतो. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय त्यावर देखरेख ठेवतं, आणि ठाणेकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ते इथे ठाण्यातही आहे. कायद्याला धर्मादाय हेतू म्हणून गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसामान्यांच्या उपयोगाचं कोणतंही काम चालतं. कविता, चित्र, संगीत यांचं काम शिक्षणात किंवा या शेवटच्या, रुंद दरवाजातून आत येतं.

आत आल्यावर काय बदलतं? समजा बासरीवाल्या मुलानं स्वतःची जुनी हार्मोनियम संस्थेला दिली आणि तशी नोंद झाली. ती आता ठाणेकरांची झाली, संस्था फक्त सांभाळते. तो उद्या बाहेर पडला तर ती घेऊन जाऊ शकत नाही. संस्था बंद झाली तरी कपाट, पुस्तकं, बँकेतली शिल्लक संस्थापकांत वाटता येत नाही. ती तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. विश्वस्त या शब्दाचा अर्थच तो: विश्वासानं दुसऱ्याचं सांभाळणारा.

मग धर्मादाय कार्यालय दर वर्षी हिशेब का मागतं, कार्यकारिणी बदलली की कळवा असं का म्हणतं, जागा विकायची तर परवानगी का लागते, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याला विचारतातच.

आधी ठरवा, हवीच आहे का

माझं स्पष्ट मत सांगते. वर्षाला चार-पाच कार्यक्रम, तेही मोफत, खर्च आपापसांत वाटून घेतलेला, एवढंच असेल तर नोंदणीच्या मागे लागू नका. मराठी माणसानं कट्टे असेच चालवले आहेत. ठाण्याला तर कट्ट्यांची सवयच आहे. आचार्य अत्रे कट्टा, अभिनय कट्टा ही नावं कुणाला नवीन नाहीत.

नोंदणीची गरज पडते ती लोकांचे पैसे नियमित येऊ लागले की. एकाच्या वैयक्तिक खात्यात वर्षभरात दीड-दोन लाख वर्गणी जमा झाली, तर प्राप्तिकराच्या नजरेत ते त्याचं उत्पन्न दिसू शकतं आणि खर्चाचा खुलासा त्याला एकट्याला करावा लागतो. शिवाय पैशांवरून मैत्री तुटते. मी दोन चांगले गट असे फुटलेले पाहिले आहेत, आणि दोन्हीकडे कुणीही लबाडी केलेली नव्हती, फक्त कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

मधला एक रस्ता आहे, तो फार कमी लोक वापरतात. आधीपासून नोंदणी असलेल्या, आपल्या कामाशी जुळणाऱ्या संस्थेला सहआयोजक करून घ्यायचं. देणगी त्या संस्थेच्या पावतीवर, खर्च त्या संस्थेच्या व्हाउचरवर, कार्यक्रम तुमचा. मात्र त्या संस्थेच्या कार्यकारिणीत तसा ठराव झालेला हवा आणि कार्यक्रम तिच्या उद्देशांत बसायला हवा.

तीन दरवाजे

नोंदणी करायचीच ठरली तर तीन प्रकार समोर येतात.

पहिला, न्यास म्हणजे ट्रस्ट. न्यासपत्र करायचं, विश्वस्त नेमायचे, धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. कारभार मोजक्या माणसांच्या हाती राहतो. दुसरा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. इथे किमान सात सभासद लागतात, घटना आणि नियमावली लागते, सर्वसाधारण सभा आणि निवडणूक येते. महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावं लागतं, त्यामुळे प्रमाणपत्रं दोन. तिसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. मोठ्या कंपन्या आणि देशभर काम करणारे हिला पसंती देतात, पण दर वर्षीची विवरणपत्रं जास्त आणि सीएची फीही त्यामानानं जास्त. ठाण्यातल्या तीन कलाकारांना तिची गरज नाही.

ट्रस्ट की संस्था? साहित्य-कलेच्या कामाला मला सात सभासदांची संस्थाच बरी वाटते. ट्रस्टमध्ये तेच चार जण वीस वर्षं राहतात आणि नवं रक्त येत नाही. सर्वसाधारण सभेत वाद होतात, वेळ जातो, पण तिथेच पुढचा सचिव सापडतो. आमच्याकडचे आत्ताचे कार्यवाह पहिल्यांदा सभेला आले ते तक्रार घेऊन, की कार्यक्रमांत छायाचित्रणाला कधी जागा मिळत नाही.

उद्देश लिहिताना मात्र घाई करू नका. घटनेतलं उद्देशाचं कलम बदलायचं म्हणजे पुढे मोठा खटाटोप होतो. पुष्कळ संस्था "मराठी साहित्याचा प्रचार व प्रसार" एवढंच लिहितात. दहा वर्षांनी त्यांना नृत्य आणि कविता एकत्र करायची असते, आणि ऑडिटर विचारतो की हा नर्तकीच्या मानधनाचा खर्च कोणत्या उद्देशात बसवू? तेव्हा साहित्य, संगीत, नाट्य, नृत्य, चित्र, शिल्प, छायाचित्रण, चित्रपट यांची नावं घालाच, आणि "या कलांचा परस्परसंवाद घडवणारे उपक्रम, कार्यशाळा, प्रकाशनं व प्रदर्शनं" असं एक सरळ वाक्य जोडा. आंतरविद्याशाखीय हा शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. कीर्तनात निरूपण, गायन, अभिनय आणि काव्य एका माणसात उभे राहतात. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी चित्र दाखवत गाऊन गोष्ट सांगतात. आपण कागदावर फक्त तिला जागा करून द्यायची असते.

इतिवृत्ताची वही

संस्था चालते ती कार्यक्रमांवर, असं बाहेरून वाटतं. आतून पाहिलं तर ती एका वहीवर चालते. प्रत्येक सभेची सूचना, उपस्थितांच्या सह्या, ठराव, सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर". हे शब्द जुनाट वाटले तरी त्यांचं काम चोख आहे: लोकांच्या पैशाबद्दलचा निर्णय कुणी, केव्हा, कुणाच्या पाठिंब्यानं घेतला हे दहा वर्षांनीही कळतं.

पण नुसती वही पुरत नाही, हे कळायला आम्हाला एकदा फार मोठी किंमत मोजावी लागली. आमच्या जुन्या सचिवांचं निधन झालं. दुःख होतं, कामं होती, पुढच्याच महिन्यात कार्यक्रम होता. आम्ही सभेत नवा सचिव निवडला, ठराव लिहिला आणि समजलो की झालं. पण विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले, पत्ता बदलला, नवी मालमत्ता आली, की १९५० च्या त्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तसा बदल कळवावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो आम्ही भरला नाही. दीड वर्षानं बँकेनं केवायसीसाठी संस्थेच्या नोंदीचा उतारा, म्हणजे शेड्युल वन, मागितला. त्यावर दिवंगत सचिवांचंच नाव. बँकेनं खात्यावरचे व्यवहार थांबवले आणि तिचं काही चुकलं नव्हतं. कागदावर जो सही करायला पात्र होता तो माणूस हयातच नव्हता.

विलंब माफीचा अर्ज, त्यासोबत चेंज रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, ठरावाची प्रत, नव्या सचिवांचं संमतिपत्र, तारखा. सुटायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत डोंबिवलीहून आलेल्या एका बासरीवादकाचं मानधन थकलं. त्यांनी एकदाही फोन केला नाही. त्यांचा तो न आलेला फोन मला अजून टोचतो.

तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता डकवलेला आहे. त्यात प्रत्येक पदाधिकाऱ्याचं नाव, निवडीची तारीख, आणि समोर चेंज रिपोर्ट दाखल केल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख. दाखल करणं आणि मंजूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोच मिळाली म्हणून फाइल बंद करू नका.

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ऑडिट झालेला ताळेबंद आणि जमाखर्च धर्मादाय कार्यालयाकडे जायला हवा. ज्या वर्षी कार्यक्रम झाला नाही त्या वर्षीचाही.

कर, देणगी आणि पंच्याऐंशी टक्के

धर्मादाय नोंदणी झाली म्हणजे करमाफी मिळाली असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. राज्याचा कायदा वेगळा, केंद्राचा प्राप्तिकर वेगळा. पुढे मी १९६१ च्या कायद्यातले क्रमांक वापरते, कारण सीएपासून देणगीदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात क्रमांक बदललेत.

१२एबी म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला सूट. ८०जी म्हणजे संस्थेला देणगी देणाऱ्याला सवलत. दोन्हीसाठी स्वतंत्र अर्ज. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. मग काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या ६ महिने आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कायम नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. "कायम" म्हटलं तरी तीही ५ वर्षांची, पुढे नूतनीकरण आहेच. २०२५ पासून ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्यांना १२एबीसाठी ही मुदत १० वर्षांची झाली आहे, आणि छोट्या संस्थांना हा खरा दिलासा आहे.

८०जीबद्दल देणगीदाराला खोटी आशा दाखवू नका. समजा कुणी ५,००० रुपये दिले. त्यातले निम्मे, २,५०० रुपये, त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचा कर ५०० रुपयांनी, उपकर धरून ५२० रुपयांनी, कमी होतो. एवढंच. आणि त्यानं नवी करप्रणाली घेतली असेल तर तेवढंही नाही. रोख दिलेल्या २,००० रुपयांवरच्या देणगीला सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय घ्या. पावतीवर देणगीदाराचा पॅन हवा, कारण वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत सगळ्या देणग्यांचं विवरण ऑनलाइन भरावं लागतं आणि त्यातून निघणारं प्रमाणपत्रच देणगीदाराच्या कामाचं असतं. तुमच्या छापील पावतीपुस्तकाची पावती आता त्याला पुरत नाही.

कार्यक्रमाच्या दारात पेटी ठेवायची पद्धत आहे. ठेवा, पण जपून. कुणी दिले हे माहीत नसलेली देणगी निनावी ठरते. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी तिच्या वर गेल्या, की वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. छोट्या संस्थेची पेटी सहसा तिथवर जात नाही, तरीही पेटी उघडताना दोघांनी मोजून, दोघांच्या सह्यांनी रक्कम वहीत उतरवावी.

आता पंच्याऐंशी टक्के. संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्देशांवर खर्च करायचा असतो. उत्पन्न ४ लाख असेल तर ३ लाख ४० हजार खर्च व्हायला हवेत, ६० हजार बाजूला ठेवता येतात. कारण पुन्हा तेच: लोकांनी दिलेला पैसा कामासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. पण समजा मार्चमधलं प्रदर्शन सभागृह न मिळाल्यानं मे महिन्यात गेलं आणि १ लाख शिल्लक राहिले. मग कार्यकारिणीत ठराव करायचा, पैसा कशासाठी ठेवतोय ते नेमकं लिहायचं आणि मुदतीत ठरलेला अर्ज भरायचा. तो पैसा ५ वर्षांपर्यंत त्या कामासाठी राखता येतो. मे उजाडल्यावर मागच्या तारखेचा ठराव लिहिणाऱ्यांच्या नादी लागू नका.

कायम निधी म्हणजे कॉर्पस वेगळा. "ही रक्कम कायम निधीत ठेवावी" असं देणगीदारानं लिहून दिलं असेल तरच ती कायम निधी. आपण मनानं ठरवून ती तिकडे वळवता येत नाही. कुणी आईवडिलांच्या नावानं दर वर्षी काव्यपुरस्कार द्यायला ५० हजार देतो, तेव्हा त्या दोन ओळी त्याच्याकडून तिथेच लिहून घ्या.

सर्वांत अवघड मुद्दा तिकिटांचा. तुमचं काम "सर्वसामान्यांच्या उपयोगाचं" या सदरात धरलं गेलं असेल, तर व्यापारासारख्या व्यवहारातून आलेली रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहायला हवी. ती वर गेली तर त्या वर्षीची करसूट जाते. वर्षाची जमा ५ लाख असेल तर तिकिटं, पुस्तकविक्री, कार्यशाळेची फी मिळून १ लाखाची रेघ. केवळ खर्चापुरती किंवा किरकोळ वाढ धरून घेतलेली फी व्यापार नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केला आहे. पण ती खर्चापुरतीच होती हे दाखवायचं कुणी? आपणच. म्हणून प्रत्येक कार्यशाळेचं स्वतंत्र जमाखर्चाचं पान ठेवा. आमच्याकडे अंधारात हाताशी सापडेल अशा जागी ती फाइल असते.

कलाकाराचे पैसे, कलाकाराचे हक्क

इथे मला जरा आवाज चढवून बोलायचं आहे. संस्था ना-नफा असते, कलाकार ना-नफा नसतो. सभागृहाला भाडं, माइकवाल्याला पैसे, चहावाल्याला पैसे, आणि कवीला शाल-श्रीफळ, ही पद्धत बंद व्हायला हवी. आमचा नियम असा की अंदाजपत्रकाची पहिली ओळ मानधनाची. रक्कम लहान असेल, पण ती आधी सांगितलेली आणि त्याच आठवड्यात खात्यात गेलेली असली पाहिजे. भागत नसेल तर सभागृह लहान घ्या.

मानधनाचं व्हाउचर करा, पॅन घ्या. एका व्यक्तीला वर्षभरात दिलेलं व्यावसायिक मानधन ५०,००० रुपयांवर गेलं तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. २०२५ च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा ३०,००० होती. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० वर रोख दिलं तर तो खर्च संस्थेच्या हिशेबात धरला जात नाही.

पदाधिकाऱ्यांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून गैरवाजवी फायदा झाला तर करसूटच धोक्यात येते. साहित्यसंस्थांत हा प्रसंग एका ठरावीक रूपात येतो: अध्यक्षांचा कवितासंग्रह संस्थेच्या खर्चानं निघतो. संग्रह उत्तम असला तरी नको. अध्यक्ष तीन वर्षांनी पायउतार होतील, मग इतर हस्तलिखितांसोबत तोही निवड समितीसमोर येऊ द्या.

आता हक्क. एका कलेचा कार्यक्रम असतो तेव्हा हा प्रश्न साधा असतो. तीन कला एकत्र आल्या की त्याचे पदर वाढतात. कविता कवयित्रीची, चाल चाल लावणाऱ्याची, चित्र चित्रकाराचं, ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्याचा, आणि वाजवणाऱ्याचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. मग ते चित्र पुढच्या वर्षी संस्थेच्या दिनदर्शिकेवर छापायचं तर कुणाला विचारायचं? ओला कागद विकला गेला तर पैसे कुणाचे? कार्यक्रमाआधी एका पानावर हे लिहा: मूळ चित्र कुणाकडे राहील, मुद्रण यूट्यूबवर टाकायला सगळ्यांची संमती आहे का, त्यातून पैसे आले तर वाटणी कशी. वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहून चौघांनी सही केली की पुरतं.

दुसऱ्याच्या कविता घेत असाल तर स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या कवितांना आज मोकळीक आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. हौशी मंडळानं प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला कायदा सूट देतो, पण तिकीट लावलं की ती सूट संपते. वारसांना किंवा प्रकाशकांना पत्र लिहा. माझ्या अनुभवात मराठी कवींच्या घरून परवानगी बहुतेकदा आनंदानं आणि पोस्टकार्डभर मजकुरासह येते.

सभागृह, परवानग्या, बाहेरचा पैसा

हे थोडक्यात. गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह दोन्ही महापालिकेची. छोट्या प्रयोगासाठी घाणेकरमधलं मिनी थिएटर पाहा. घंटाळीचं सहयोग मंदिर आपलं जुनं ठिकाण. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या गावात आहे तिथे वाचनाच्या बैठकीला श्रोते मिळतात, याबद्दल शंका नको. मिश्र कार्यक्रमात मात्र तांत्रिक बाजूचं वेळापत्रक आधी करा: चित्रकाराला उजेड हवा, कवितेला अंधार आणि शांतता, वादकाला आवाज तपासायला अर्धा तास. तिघांना एकच पाऊण तास दिला की तिघंही चिडतात.

नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं; अभिवाचनात पात्रं उभी राहायला लागली की आधीच विचारून घ्या. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर नाही. जीएसटी सेवांच्या बाबतीत २० लाखांच्या उलाढालीनंतर सुरू होतो, आणि ५०० रुपयांपर्यंतच्या नाटक-संगीताच्या तिकिटावर तो नाहीच.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मिळू शकतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के द्यावे लागतात, आणि त्याच्या अनुसूचीत कला, संस्कृती, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक कला यांची नावं आहेत. पण १२एबी, ८०जी, असा निधी घेणाऱ्या संस्थांची सीएसआर-१ ही नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणजे पहिली तीन वर्षं त्याचा विचारही नको, फक्त पुरावा जमवत राहा. फोटो, हजेरीपट, कात्रणं.

परदेशी पैशाबद्दल मात्र एकदा बजावून सांगते. ठाण्यात घरटी एक मुलगा अमेरिकेत. त्यानं भारतीय पासपोर्टवर राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. त्याच्या शेजारच्या मित्रानं अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, मग तो ओसीआय कार्डधारक, म्हणजे भारतीय वंशाचा परदेशी नागरिक का असेना, त्याच्या शंभर डॉलर्सनाही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. त्याखालच्या नोंदणीसाठी साधारणपणे ३ वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात उद्देशांवर झालेला १५ लाखांचा खर्च लागतो. तोवर पैसे प्रेमानं परत पाठवा. त्याला सांगा, सुटीत येशील तेव्हा कार्यक्रमाला बस.

त्या तीन मुलांनी हे सगळं ऐकलं. मधे दोनदा चहा झाला. कविता लिहिणारीनं वहीत बरंच टिपून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग काकू, एक वर्ष तुमच्या संस्थेबरोबर सहआयोजन केलं तर?" पुढच्या सभेत मी तो विषय ठेवला. सूचक आमचे छायाचित्रकार कार्यवाह झाले. फेब्रुवारीत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, साठ खुर्च्या, तिकीट नाही. हिशेब चित्रकार मुलानं ठेवला: चार पानं, प्रत्येक बिल तारखेनुसार डकवलेलं, कोपऱ्यांवर थोडे जलरंगाचे डाग. बासरीवाल्याबरोबर तबल्याला बाहेरचा मुलगा होता. त्याचं मानधन कार्यक्रम संपायच्या आत त्याच्या खात्यात गेलं होतं. सातवा सभासद अजून त्यांना मिळायचा आहे.